पत्त्यांची यादी आणि थकबाकीदाराची अब्रू

तिवसा हे अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील तालुक्याचे गाव. वऱ्हाडातील इतर तालुक्यांप्रमाणे येथेही दोन पिढ्यांपूर्वी निरोप पोचविण्याची तीन साधने होती, आणि कोणते साधन कोठे वापरावयाचे याविषयी कोणाच्या मनात संभ्रम नसे. सारावसुली, लसीकरण, गावसभा असा सर्वांनी ऐकावयाचा निरोप कोतवाल दवंडी पिटून देई. खुशालीचा मजकूर पोस्टकार्डावर जाई. तो पोस्टमनने वाचला किंवा शेजाऱ्याने वाचला तरी कोणाचे काही बिघडत नसे. मुलीच्या सोयरिकीची बोलणी, भाऊबंदकीतील तंटा, सावकाराचे देणे, घरातील आजार या गोष्टी मात्र बंद पाकिटात जात. ज्याला अक्षरओळखही नव्हती तो शेतकरीदेखील दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेताना, हा मजकूर कार्डावर नको, पाकिटात घाला, असे बजावीत असे. कोणती गोष्ट चारचौघांची आणि कोणती एकट्याची, हा विवेक त्या समाजाजवळ होता. १८९८ च्या टपाल कायद्यानेही टपाल कर्मचाऱ्याने दुसऱ्याचे पत्र उघडणे हा गुन्हा ठरवून त्या विवेकाला कायद्याचा आधार दिला होता.

आज ही तिन्ही साधने एकाच पडद्यावर एकवटली आहेत. बँकेची शाखा, सेवा सोसायटीचा गटसचिव, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय, महाविद्यालयाची शिष्यवृत्ती शाखा, दवाखाना, विमा प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था, एवढेच काय, कामगार संघटना आणि राजकीय पक्षसुद्धा आता एका मजकुराला शेकडो पत्ते जोडतात आणि एका बोटाने तो रवाना करतात. साधन बदलले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती जुना विवेक सुटला याबद्दल. ऐंशी थकबाकीदारांना एकच सूचना पाठविताना त्या ऐंशींचे पत्ते एकमेकांना दिसतील अशा रीतीने ती पाठविणे, म्हणजे बंद पाकिटातील मजकूर दवंडी पिटून सांगणे होय. फरक इतकाच, की दवंडी वेशीपाशी थांबत असे. ही दवंडी कोठेच थांबत नाही.

एका रकान्याचा प्रश्न

हा प्रश्न तांत्रिक वाटतो म्हणून पुष्कळजण तो संगणक जाणणाऱ्यांवर सोडून देतात. वस्तुतः तो समजावयाला अवघड नाही. ई-मेल लिहिताना पत्त्यांसाठी तीन रकाने असतात. पहिला ‘टू’, म्हणजे ज्याला पत्र लिहिले तो. दुसरा ‘सीसी’, टंकलेखन यंत्राच्या काळात कार्बन कागद घालून ज्याच्यासाठी जादा प्रत काढली जाई तो. तिसरा ‘बीसीसी’, म्हणजे अशी कार्बन प्रत की जी कोणाकोणाला गेली याची नोंद मूळ पत्रावर नसते. कचेऱ्यांतील ही जुनी पद्धत ई-मेलच्या १९८२ च्या नियमावलीतही उतरली आहे. पहिल्या दोन रकान्यांत घातलेले सर्व पत्ते प्रत्येक वाचणाऱ्याला दिसतात. तिसऱ्या रकान्यातील पत्ते पोचविण्यासाठी वापरले जातात, पण वाचणाऱ्यांना दिसत नाहीत. सारा प्रश्न पहिला रकाना की तिसरा, एवढाच आहे.

भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपची गोष्ट याहून वेगळी नाही, आणि वऱ्हाडातील खेड्यात ई-मेलपेक्षा त्याचाच वापर अधिक. सर्वसाधारण समूहात प्रत्येक सभासदाला बाकी सर्वांचे क्रमांक दिसतात. ज्याला न विचारता समूहात ओढले त्याचा क्रमांकही दिसतो. एकाच निरोपाच्या स्वतंत्र प्रती स्वतंत्रपणे पाठविण्याची ‘ब्रॉडकास्ट’ यादीची सोय तेथे आहे. मात्र ज्याने पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्याजवळ नोंदवून ठेवला आहे त्यालाच असा निरोप पोचतो. म्हणजे ही सोय वापरावयाची तर आधी प्रत्येक माणसाला भेटून आपला क्रमांक नोंदवून घेण्याचे कष्ट करावे लागतात. समूह बनविणे त्याहून सोपे, म्हणून समूह बनतो.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना धडा उपयोगी पडतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की एखाद्या कृतीचा लाभ एकाला मिळतो आणि तिचा तोटा व्यवहाराबाहेरच्या दुसऱ्याला सोसावा लागतो तेव्हा ती कृती समाजहिताच्या मर्यादेपलीकडे होत राहते. गिरणीचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. उघड्या यादीचे अर्थशास्त्र नेमके असेच आहे. दहा मिनिटे वाचतात ती पाठविणाऱ्या कार्यालयाची. अब्रू, सौदा किंवा सुरक्षितता गमावतो तो यादीतला माणूस. कार्यालयाच्या हिशेबवहीत या तोट्याची नोंद होत नाही, म्हणून कार्यालयाला तो तोटा वाटतच नाही. धुरांडे गिरणीमालकाच्या सद्बुद्धीवर सोडून चालले नाही, तसेच हेही कारकुनाच्या सावधगिरीवर सोडून चालणार नाही.

बाहेरच्या जगाचा अनुभव

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते हे ब्रिटनमधील तीन घटनांवरून कळते. लंडनमधील ‘५६ डीन स्ट्रीट’ या दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये आपले वार्तापत्र सुमारे ७८० जणांना ई-मेलने धाडले. ते घेणाऱ्यांत बहुसंख्य एचआयव्हीबाधित होते. पत्ते तिसऱ्या रकान्याऐवजी पहिल्यात पडले आणि प्रत्येकाला इतरांचे पत्ते, बहुतेकांची तर पूर्ण नावेही, दिसली. त्या दवाखान्याच्या चालकसंस्थेला २०१६ मध्ये १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. चौकशीत असेही दिसले, की याच संस्थेत २०१० मध्ये लहान प्रमाणावर हीच चूक घडून गेली होती आणि तिच्यापासून पुरेसा बोध घेतला गेला नव्हता.

फेब्रुवारी २०१७ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या तेथील स्वतंत्र आयोगाने चौकशीशी संबंधित ९० जणांना असाच उघडा ई-मेल पाठविला. ज्यांनी आयुष्यभर दडवून ठेवलेले दुःख मोठ्या धीराने सांगण्याचे ठरविले होते, त्यांची ओळख आयोगाच्याच हातून इतरांना कळली. या आयोगाला २०१८ मध्ये २ लाख पौंड दंड झाला.

तिसरी घटना सर्वांत भयंकर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर, ब्रिटिश सैन्यासाठी काम केलेले दुभाषे व इतर अफगाण नागरिक जीव मुठीत धरून लपले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अशा २४५ जणांना एकच ई-मेल पाठविला, आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. काहींची छायाचित्रेही पत्त्यांना जोडलेली होती. त्यावर दोघांनी ‘सर्वांना उत्तर’ ही कळ दाबली. त्यांतील एकाने तर आपण कोठे आहोत हेही त्या सर्वांना कळविले. डिसेंबर २०२३ मध्ये या खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. याच खात्याकडून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांची माहिती असलेली तक्त्याची फाईल ई-मेलने बाहेर गेली. ती घटना न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे जुलै २०२५ पर्यंत जनतेपासून लपवून ठेवण्यात आली होती.

या घटनांत कोणी चोर नव्हता, कोणी कुलूप फोडले नव्हते, कोणाचा हेतू दुष्ट नव्हता. घाईत असलेला एक सामान्य कर्मचारी आणि चूक होऊ नये अशी कोणतीही व्यवस्था न उभारलेली एक संस्था, एवढीच या शोकांतिकेची पात्रे. दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिन्ही ठिकाणी मजकूर निरुपद्रवी होता. घात केला तो यादीने. ‘आपण सर्व या यादीत आहोत’ ही एकच गोष्ट उघड झाली, आणि तीच गोष्ट उघड व्हावयाला नको होती.

वऱ्हाडातील याद्या

तिवसा, मोर्शी, चांदूर रेल्वे, दर्यापूर किंवा अकोट येथील वाचक म्हणेल, की आमच्याकडे ना दुभाषे आहेत ना आयोग. पण याद्यांच्या बाबतीत वऱ्हाडाइतका श्रीमंत प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. थकबाकीदारांची यादी, पीकविम्याची यादी, अतिवृष्टीच्या मदतीची यादी, बचतगटातील कर्जदार स्त्रियांची यादी, जातीनिहाय शिष्यवृत्तीची यादी, क्षयरोग्यांची यादी. आणि या सर्वांवर काळी सावली धरणारी, शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांची यादी, जिच्यात प्रत्येक नावापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा असतो. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्याच्या आधीपासून आजतागायत या प्रदेशातील दुःख यादीच्या रूपानेच शासनदरबारी पोचत आले आहे. गरीब माणसाची शासनाशी गाठ पडते ती यादीतच. श्रीमंताला यादीत नाव घालावे लागत नाही; त्याची कामे भेटीत होतात.

म्हणून उघड्या यादीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. संत्र्याचे उदाहरण घ्यावे. या पट्ट्यात पुष्कळ बागाईतदार आंबिया किंवा मृग बहाराचा माल झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देतात. तो सौदा ठरतो कशावर? मालावर आणि बाजारावर तर खराच; पण बागाईतदाराला किती दिवस थांबता येईल यावरही. ज्याला मार्चअखेर बँकेचा हप्ता भरावयाचा आहे आणि ज्याच्याजवळ दुसरा आधार नाही, त्याला थांबता येत नाही. ही अडचण त्याच्याजवळच राहिली तर तो चार दिवस ताणून धरू शकतो. पण बँकेची वसुलीची सूचना चाळीस जणांना एकाच पत्राने गेली, त्यांपैकी एकाने ती पुढे धाडली, आणि ती व्यापाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाऊन पडली, तर त्या दिवसापासून भाव ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडे गेला. बागाईतदाराची अडचण हीच व्यापाऱ्याची मिळकत होते. कापूस-सोयाबीन उत्पादकाची अडत्याशी, मजुराची मुकादमाशी आणि विधवेची दिराशी जी घासाघीस चालते तिलाही हाच नियम लागू आहे. दुबळ्या माणसाजवळ बाजारात उतरताना एकच भांडवल असते: आपली निकड समोरच्याला ठाऊक नसणे. उघडी यादी हे भांडवल त्याच्याकडून फुकट काढून घेते.

आणि यादी केवळ व्यापाऱ्याकडेच जात नाही. कर्ज फेडण्यासाठी कर्ज देणारा बेकायदा सावकार तिची वाट पाहत असतो. ‘तुमचे अनुदान अडकले आहे, क्रमांक सांगा’ असे दूरध्वनी करणारे ठग तिच्यावरच जगतात. कारण ज्याला शेतकऱ्याचे नाव, गाव आणि योजना ही तिन्ही ठाऊक आहेत तो ठग शेतकऱ्याला सरकारी माणूसच वाटतो.

“खेड्यात कोणाचे काय लपते?”

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. खेड्यात सर्वांना सर्वांचे सर्व ठाऊक असते. खाजगीपणा हे शहरी मध्यमवर्गाचे चोचले आहेत. पारावर ज्याची चर्चा होते ते ई-मेलमध्ये दिसले म्हणून काय बिघडले?

हा आक्षेप वरवर पाहता वास्तवाला धरून आहे असे वाटते. पण पारावर कळणे आणि यादीत छापले जाणे यांत मोठे अंतर आहे. पारावर जे कळते ते त्या माणसाला ओळखणाऱ्यांना कळते. तो का थकला, कोणत्या वर्षी गारपीट झाली, कोणाच्या लग्नाला पैसे लागले, हेही त्यांना ठाऊक असते. आणि आज याची तर उद्या आपली वेळ, हे भानही असते. यादीला यातले काहीच ठाऊक नसते. ती माणसाला त्याच्या परिस्थितीपासून तोडते आणि ‘थकबाकीदार’ या एका शब्दात बसविते. पारावरची गोष्ट चार महिन्यांनी विरते. फाईल विरत नाही. ती दहा वर्षांनी मुलाच्या सोयरिकीच्या वेळीही कोणाच्या तरी हाती लागू शकते.

शिवाय वऱ्हाडात कर्ज आणि अब्रू यांचे नाते काय आहे हे निराळे सांगावयाला नको. नापिकी आणि भाव या कारणांनी मोडून पडणाऱ्या शेतकऱ्याला शेवटचा धक्का पुष्कळदा रकमेचा नसतो, चारचौघांत झालेल्या मानहानीचा असतो. ज्या प्रदेशाने अडीच-तीन दशके आत्महत्या मोजल्या आहेत, त्या प्रदेशात तरी थकबाकीची सूचना शंभर जणांना एकदम दाखविण्याला ‘किरकोळ तांत्रिक चूक’ म्हणता येणार नाही.

गुप्तता हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत, हे लोकशाही चळवळीच्या इतिहासावरूनही सिद्ध होते. गुप्त मतदानाची मागणी इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या आपल्या सनदेत केली होती. कारखानदार आणि जमीनदार यांच्या डोळ्यांसमोर हात वर करून मत द्यावे लागले तर मजूर स्वतंत्र राहू शकत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. ती मागणी कायद्यात उतरावयाला १८७२ साल उजाडावे लागले. भारतात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतपत्रिका गुप्त आहे, ती कोणासाठी? पाटलाला मत लपविण्याची गरज नव्हती. ती पाटलाच्या शेतावर राबणाऱ्याला होती.

पारदर्शकतेचा प्रश्न

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो समतावादी चळवळीच्या आतूनच येतो. याद्या उघड करा, हजेरीपट दाखवा, लाभार्थींची नावे भिंतीवर लिहा, अशी मागणी चळवळीनेच केली नाही काय? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन हजेरीपटावरील खोटी नावे चव्हाट्यावर आणली. २००५ च्या केंद्रीय कायद्याआधीच महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या २४ फेब्रुवारी २०२० पासून बँका आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावण्यात आल्या. मग आता यादी झाकण्याची भाषा कशासाठी?

हा विरोध खरा मानला तर दोन्ही मूल्ये गमवावी लागतील. म्हणून त्यातील भेद स्पष्ट केला पाहिजे. हजेरीपट उघडावयाचा तो मजुराला उघडे पाडण्यासाठी नव्हे. मेलेल्या माणसाच्या नावे मजुरी उचलणाऱ्या अधिकाऱ्याला उघडे पाडण्यासाठी. म्हणून तो तपासण्यासाठी जे आवश्यक आहे ते, म्हणजे नाव, गाव, कामाचे दिवस, दिलेली रक्कम, हे उघड असले पाहिजे, आणि ते जेथे तपासले जाऊ शकते तेथे, म्हणजे गावात, असले पाहिजे. त्या तपासणीला मजुराचा भ्रमणध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते, आजार किंवा घरातील मृत्यूचे कारण लागत नाही. कर्जमुक्तीच्या २०२० च्या याद्यांत प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली गेली. अशा क्रमांकाच्या आधारे आधारसारखी माहिती फलकावर न लावताही पडताळणीचे काम भागू शकते. म्हणजे उघडेपणा आणि झाकणे एकाच कागदावर नांदू शकतात; त्यासाठी थोडा विचार मात्र करावा लागतो.

थकबाकीच्या सूचनेचा, दवाखान्याच्या निरोपाचा किंवा सभासदांना धाडलेल्या पत्राचा तर या पारदर्शकतेशी काहीच संबंध नाही. तेथे सार्वजनिक पैशाची तपासणी होत नसते. इतर एकोणऐंशी जणांचे पत्ते ऐंशीव्याला दाखविल्याने कोणताही भ्रष्टाचार उघडकीला येत नाही.

मात्र शासनाने हाच भेद नेमका उलटा केला आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(ञ) हे कलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अंमलातही आला. पूर्वी ज्या व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जिच्यामुळे खाजगीपणावर अवाजवी आक्रमण होईल, तीच नाकारता येत असे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा महत्त्वाचा आधार तेथे होता. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढे म्हटले की नकार देता येतो. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे ८(२) हे कलम शिल्लक आहे. पण ते जनहित पटविण्याचे ओझे मागणाऱ्या सामान्य माणसावर पडते. अधिकाऱ्याच्या कारभाराला खाजगीपणाचे कवच आणि शेतकऱ्याच्या थकबाकीला दवंडी, असा हा न्याय आहे. पारदर्शकता सत्तेला लावावयाची आणि गोपनीयता दुबळ्याला द्यावयाची, हा लोकशाहीचा क्रम उलटविण्याचा हा प्रकार असून त्याला एकाच वेळी दोन्ही बाजूंनी विरोध केला पाहिजे.

कायदा काय देतो?

कायद्याची भूमी अगदीच ओसाड नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. राष्ट्रीयीकृत बँकांवर ग्राहकांच्या व्यवहाराची गुप्तता राखण्याचे बंधन १९७० च्या कायद्यापासूनच आहे. एचआयव्हीबाधितांची ओळख गुप्त ठेवण्याचा २०१७ चा स्वतंत्र कायदा सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपना कर्जदाराच्या भ्रमणध्वनीतील संपर्कयादीला हात लावण्यास मनाई केली; कारण त्या यादीतील नातेवाइकांना निरोप धाडून कर्जदाराची बेअब्रू करणे हेच वसुलीचे शस्त्र झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, थकबाकीदारांची छायाचित्रे व तपशील फलकावर लावणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या कृतीला, ती माणसाच्या प्रतिष्ठेच्या हक्कावर घाला आहे म्हणून, आक्षेप घेतला. वसुलीचा हक्क बँकेला आहे; बदनामीचा नाही, हे तत्त्व यातून पुढे येते.

२०२३ च्या अधिनियमाने माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, आणि माहिती फुटल्यास ज्यांची ती आहे त्या प्रत्येकाला कळविणे बंधनकारक केले आहे. पण या मुख्य जबाबदाऱ्या नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. आणि लागू झाल्या तरी दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याचा सौदा बुडाला किंवा ज्याची अब्रू गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद या अधिनियमात नाही. नुकसान एकाचे आणि दंड दुसऱ्याच्या खात्यात, ही या कायद्याची मोठी उणीव होय. गरिबाच्या दृष्टीने ती दुरुस्त करून घेणे हे विधिमंडळाबाहेरच्या चळवळीचे काम आहे.

करावयाचे काय?

कायद्याची वाट न पाहता करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, एकापेक्षा अधिक व्यक्तींना जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलमध्ये सर्व पत्ते तिसऱ्या रकान्यात जातील आणि पहिल्यात कार्यालयाचा स्वतःचाच पत्ता राहील, असा लेखी नियम प्रत्येक कार्यालयाने करावा. दुसरी, थकबाकी, आजार, जात किंवा कौटुंबिक आपत्ती यांविषयीचा मजकूर समूहात किंवा सामुदायिक पत्राने पाठवूच नये. तो एकेका माणसाला स्वतंत्रपणे जावा. कारण तिसरा रकानासुद्धा माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असतो, आणि ब्रिटनमधील अनुभव सांगतो, की मार्चअखेरच्या घाईत माणूस विसरतो. तिसरी, व्हॉट्सॲप समूहात कोणालाही विचारल्याशिवाय घालू नये. चौथी, तक्त्याची संपूर्ण फाईल पुढे धाडण्याऐवजी आवश्यक तेवढेच रकाने ठेवून ती धाडावी. पाचवी, चूक झालीच तर ती दडपू नये. ज्यांचे पत्ते उघड झाले त्यांना त्याच दिवशी एकेकाला कळवावे आणि इतरांना ती यादी पुसून टाकण्याची विनंती करावी. आणि या साऱ्याची जबाबदारी कारकुनावर ढकलून वरिष्ठांनी मोकळे होऊ नये. ज्या कार्यालयात शिक्षण नाही, नियम नाही आणि माणसेही पुरेशी नाहीत, तेथे चूक त्या एकट्या बोटाची नसते.

हे नियम चळवळीने आधी स्वतःला लावून घ्यावेत. शेतमजूर संघटनेची सभासद यादी मालकाच्या हाती लागली तर उद्या कोणाला कामावर बोलावले जाणार नाही हे सांगावयाला ज्योतिषी नको. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, कंत्राटी कामगार यांच्या संघटना आज समूहांवर चालतात, आणि त्या समूहांत कोण कोण आहे हे एका छायाचित्रात टिपून वरिष्ठांपर्यंत पोचविणे क्षणाचे काम आहे. १९७५ च्या आणीबाणीत ज्यांनी भूमिगत पत्रके वाटली त्यांना पत्त्यांच्या वहीची किंमत समजावून सांगावी लागत नव्हती. ती वही पोलिसांच्या हाती पडणे म्हणजे काय हे ते जाणून होते. आजचे कार्यकर्ते तीच वही रोज शंभर जणांना वाटतात.

१८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. सावकाराची सत्ता त्या कागदात आहे, आणि तो कागद कोणाच्या ताब्यात आहे यावर आपले जिणे अवलंबून आहे, हे त्या निरक्षर कुणब्यांना कळत होते. आता कागदाची जागा फाईलने घेतली आहे, आणि तिला काडी लावता येत नाही. तिच्या शेकडो प्रती एका क्षणात होतात. म्हणूनच ती फुटू न देणे हाच एक उपाय उरतो. जिल्हा बँकांच्या सर्वसाधारण सभांत, सेवा सोसायट्यांच्या वार्षिक बैठकांत आणि ग्रामसभांत आता एक ठराव मांडला गेला पाहिजे: सभासदाची माहिती ही सभासदाची मालमत्ता आहे, संस्था तिची केवळ विश्वस्त आहे, विश्वस्ताने ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी आणि आवश्यक तेवढ्यांनाच दाखवावी. तिवसा तालुक्यातील एखाद्या सोसायटीने असा ठराव पहिल्याने केला, तर तो करण्यासाठी तिला मुंबईच्या किंवा दिल्लीच्या परवानगीची गरज पडणार नाही.